घटक ५ : वचन, मनन आणि आचरण – मराठीतील कॅथलिक चिंतनपर लेखन

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस :
• मराठीतील कॅथलिक चिंतनपर लेखनाची पार्श्वभूमी सांगता येईल.
• शास्त्रवचनाच्या मननाच्या चार पायऱ्या स्पष्ट करता येतील.
• संत मत्तय यांच्या शुभवर्तमानातील एका दृष्टांताचा संदर्भ व त्यातील अर्थाचे थर उलगडून दाखवता येतील.
• चिंतनपर लेखाची रचना ओळखून त्याचे परीक्षण करता येईल.
• वचन आणि आचरण यांचा संबंध स्वतःच्या शब्दांत मांडता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, धर्मग्रंथातील एखादे वचन घ्यावे, श्रोत्यांच्या रोजच्या जगण्यातील दाखले देत त्याचा अर्थ फोडून सांगावा आणि शेवटी त्या अर्थाला अनुसरून कसे वागावे हे सुचवावे, ही पद्धत मराठी वाचकाला नवी नाही. ‘ज्ञानेश्वरी’ हे गीतेचे निरूपणच आहे. वारकरी कीर्तनकार एक अभंग निरूपणासाठी घेतो आणि दोन-अडीच तास त्याच्याच भोवती फिरतो. श्रोता उठून घरी जातो तेव्हा अभंगाचा शब्दार्थ त्याला कळलेला असतोच. पण आपण उद्या कसे वागणार हा प्रश्नही त्याच्याबरोबर घरी जातो.

ख्रिस्ती धर्मातही या प्रकारच्या लेखनाची दीर्घ परंपरा आहे. मराठी ख्रिस्ती साहित्य म्हटले की बाबा पदमनजी, रेव्हरंड ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई टिळक, पंडिता रमाबाई ही नावे आपल्याला प्रथम आठवतात. ही सर्व मंडळी प्रॉटेस्टंट पंथाची होती. कॅथलिक पंथाची मराठी परंपरा त्यांच्याहून जुनी आहे. मात्र तिचा प्रवाह मध्येच खंडित झाल्यामुळे वाङ्मयेतिहासात तिचा उल्लेख पुष्कळदा एका ग्रंथापुरताच होतो. प्रस्तुत घटकात आपण त्या परंपरेचा थोडक्यात परिचय करून घेऊ आणि नंतर एकाच दृष्टांताच्या आधारे चिंतनपर लेख कसा सिद्ध होतो हे तपशिलाने पाहू.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. हा घटक अभ्यासण्यासाठी ख्रिस्ती श्रद्धा असण्याची गरज नाही, तसेच असलेली श्रद्धा बाजूला ठेवण्याचीही गरज नाही. श्रद्धेने लिहिलेला मजकूर त्याच्या स्वतःच्या अटींवर समजून घेणे आणि मग त्याविषयी आपले मत बनवणे, एवढीच अपेक्षा आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ ‘क्रिस्तपुराण’ : ओवीतील शास्त्रकथा

फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे. येशूसंघाचे सदस्य म्हणून ते इ.स. १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टी प्रांतात काढली. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ दोन भागांत आहे. ‘पैलें पुराण’ या भागात जुन्या करारातील कथा येते, तर ‘दुसरें पुराण’ या भागात येशू ख्रिस्ताचे चरित्र. अध्यायांना कवीने ‘अवस्वरु’ असे म्हटले आहे. ग्रंथाची भाषा कोकणीच्या छटा असलेली मराठी आहे. छपाई मात्र रोमन लिपीत झालेली होती.

या ग्रंथाचा जन्म कसा झाला, हे त्याच्या आरंभीच सांगितलेले आहे. नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एक जण विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे आपण बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरे काही का देत नाही? हा प्रश्न नीट ऐकण्यासारखा आहे. त्यात वाचनाची भूक आहे, तशीच हिरावले गेल्याची बोचही आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज सत्तेखाली साष्टीतील देवळे पाडली गेली होती आणि गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमल होता. ‘क्रिस्तपुराणा’चे वाङ्मयीन मोल मान्य करताना ही पार्श्वभूमी दृष्टीआड करता येत नाही आणि ही पार्श्वभूमी सांगताना ग्रंथाचे मोल कमी लेखण्याचेही कारण नाही. सत्तेने एक दार बंद केले होते. त्या बंद दारापाशी बसलेल्या माणसांशी त्यांच्याच छंदात आणि त्यांच्याच शब्दांत बोलण्याचा प्रयत्न एका परदेशी धर्मगुरूने केला, असे दोन्ही बाजू लक्षात घेऊन म्हणता येते. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द त्यांना चालला, ओवी चालली, पुराणिक आणि श्रोते यांचा संवादही चालला. शास्त्राचा आशय परका असला तरी त्याचे ग्रहण स्वभाषेतच व्हावे लागते, ही जाण या निवडीमागे आहे.

५.२.२ खंड आणि पुनरारंभ

‘क्रिस्तपुराणा’च्या पुढील आवृत्त्या १६४९ आणि १६५४ मध्ये निघाल्या. त्यानंतर मात्र या ग्रंथाची छपाई थांबली. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेचा वापर मोडून काढण्याचा हुकूम काढला. ग्रंथ हस्तलिखितांतून आणि पठणातून टिकून राहिला. पुढे १९०७ मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली त्याची देवनागरी आवृत्ती आली. म्हणजे मूळ छपाईनंतर तीनशे चाळीस वर्षांनी हा मराठी ग्रंथ सर्वसामान्य मराठी वाचकाच्या लिपीत उपलब्ध झाला.

उत्तर कोकणातील वसई परिसरात पोर्तुगीज अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत होता. चिमाजी आप्पांच्या विजयानंतर तो संपला. पण तेथील कॅथलिक समाज आपल्या मराठी बोलींसह टिकून राहिला. घरात आणि शेतात मराठी बोलणाऱ्या या समाजाची मुख्य उपासना, म्हणजे मिस्सा, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लॅटिनमध्येच होत असे.

हे चित्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) पालटले. उपासनेविषयीच्या १९६३ च्या दस्तऐवजाने लोकभाषेला वाट मोकळी करून दिली. १९६५ च्या ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजाने सर्व भाविकांना पवित्र शास्त्राचे वाचन करण्याचा आग्रह केला. १९६९ च्या अखेरीस नवा वाचनक्रम लागू झाला. त्यानुसार रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात विभागली गेली : पहिल्या वर्षी प्रामुख्याने संत मत्तय, दुसऱ्या वर्षी संत मार्क आणि तिसऱ्या वर्षी संत लूक. परिणामी दर रविवारी तीन वाचने व एक स्तोत्र आणि त्यांवर लोकभाषेत प्रवचन, अशी व्यवस्था आली. मराठीतील चिंतनपर लेखनाला जी नियमित गरज लागते, ती येथे निर्माण झाली. वसईहून निघणारे ‘सुवार्ता’ मासिक आणि त्याचे अनेक वर्षे संपादन करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हे लेखन ख्रिस्ती वर्तुळाबाहेरच्या वाचकांपर्यंतही नेले. बायबलचे सुबोध मराठी भाषांतर करणारे आणि वसईच्या हरित पट्ट्यासाठी लोकांबरोबर उभे राहणारे दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. वचन आणि आचरण यांना वेगळे न मानणारी ही भूमिका या लेखनप्रकाराचा गाभा आहे.

५.२.३ मननाच्या चार पायऱ्या

शास्त्रवाचनाची एक जुनी मठवासी पद्धत आहे. बाराव्या शतकातील दुसरा गिगो या कार्थुसियन साधूने तिची शिडीच्या रूपकातून मांडणी केली. त्या शिडीला चार पायऱ्या आहेत :

(१) वाचन – उतारा सावकाश वाचणे. कोण बोलते, कोणाशी बोलते, काय घडते, हे नेमके पाहणे.
(२) मनन – वाचलेले मनात घोळवणे. कोणता शब्द अडवतो, कोणता खटकतो, याचा शोध घेणे.
(३) प्रार्थना – वचनाला उत्तर देणे. येथे वाचक ‘त्याच्याविषयी’ बोलणे थांबवून ‘त्याच्याशी’ बोलू लागतो.
(४) ध्यान – शब्द मागे ठेवून शांत बसणे.

या पायऱ्यांपलीकडे जे व्हावयाचे असते ते म्हणजे आचरण. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात कल्पनाशक्तीचा उपयोग सांगितला. साधकाने शास्त्रातील प्रसंग डोळ्यांपुढे उभा करावा, त्या जागी स्वतः जाऊन उभे राहावे, तेथील माणसे काय बोलतात ते ऐकावे आणि शेवटी स्वतःसाठी एखादा ठोस निश्चय करावा, अशी ही रीत आहे. आजच्या चिंतनपर लेखात बहुधा या दोन्ही पद्धतींचा संगम दिसतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘क्रिस्तपुराण’ प्रथम कोठे व कोणत्या वर्षी छापले गेले?
२. ‘क्रिस्तपुराणा’तील अध्यायाला कोणती संज्ञा आहे?
३. रविवारच्या वाचनचक्रातील पहिल्या वर्षी प्रामुख्याने कोणाचे शुभवर्तमान वाचले जाते?
४. मननाच्या चार पायऱ्या शिडीच्या रूपकातून कोणी मांडल्या?

५.२.४ दृष्टांत : द्राक्षमळ्यातील मजूर

आता आपण एक दृष्टांत घेऊ. संत मत्तय यांच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात, पहिल्या सोळा ओळींत तो येतो. त्याचा आशय असा :

एक घरधनी आपल्या द्राक्षमळ्यासाठी मजूर आणायला पहाटे बाहेर पडतो. दिवसाचा एक दिनार ठरवून काही जणांना तो मळ्यात पाठवतो. नंतर नऊच्या सुमारास, बाराला आणि तीनला तो पुन्हा बाजारात जातो. रिकामे उभे असलेल्यांना ‘योग्य ते देईन’ एवढेच सांगून कामाला लावतो. पाच वाजता तो पुन्हा जातो. अजूनही काही माणसे उभीच असतात. दिवसभर येथे रिकामे का, असे तो विचारतो. आम्हांला कोणी कामाला लावले नाही, असे ते सांगतात. त्यांनाही तो पाठवतो. संध्याकाळी कारभाऱ्याला तो सांगतो की, शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करून मजुरी दे. शेवटच्यांना एक दिनार मिळतो. पहिल्यांना वाटते, आपल्याला अधिक मिळेल. त्यांनाही एकच दिनार मिळतो. ते कुरकुरतात : दिवसाचा भार आणि ऊन आम्ही सोसले आणि यांना तुम्ही आमच्या बरोबरीचे केलेत! घरधनी त्यांतील एकाला ‘मित्रा’ अशी हाक मारून म्हणतो की, ठरलेले तुला मिळाले आहे, माझा चांगुलपणा तुझ्या डोळ्यांत का खुपावा?

५.२.५ संदर्भ आणि अर्थाचे थर

कोणत्याही दृष्टांताचा अर्थ लावताना त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा मजकूर वाचावा लागतो. आधीच्या, म्हणजे एकोणिसाव्या अध्यायात एक श्रीमंत तरुण येशूकडून खिन्न होऊन परत जातो, कारण त्याला आपली मालमत्ता सोडवत नाही. ते पाहून पेत्र विचारतो की, आम्ही तर सर्व सोडून आलो आहोत, मग आम्हांला काय मिळणार? दृष्टांतानंतर, याच विसाव्या अध्यायात, जब्दीच्या मुलांची आई आपल्या दोन्ही मुलांसाठी येशूच्या राज्यात उजवी-डावी आसने मागते. म्हणजे ‘मला किती’ आणि ‘मी कितवा’ या दोन प्रश्नांच्या मधोमध हा दृष्टांत बसवलेला आहे. येशू तो जमावाला उद्देशून सांगत नाही. सर्वांत आधी कामाला लागलेल्या शिष्यांना सांगतो.

‘डोळ्यांत खुपणे’ हा मराठी वाक्प्रचार येथे सहज वापरता येतो, कारण मूळ ग्रीकमध्येही ‘तुझा डोळा वाईट आहे काय’ अशा अर्थाची शब्दयोजना आहे. दुसऱ्याचे भले पाहून मत्सराने बघणारा डोळा त्या संस्कृतीलाही ठाऊक होता.

कॅथलिक परंपरेत शास्त्राच्या अर्थाचे चार थर मानले जातात : शब्दार्थ, रूपकार्थ, नैतिक अर्थ आणि अंतिम गतीविषयीचा अर्थ. या दृष्टांताला ते असे लावता येतील.

शब्दार्थ : जुन्या करारातील नियमशास्त्राप्रमाणे रोजंदाराची मजुरी सूर्यास्तापूर्वी देणे बंधनकारक होते, कारण त्याचे पोट तिच्यावरच असते. संध्याकाळी मजुरी देणारा घरधनी हा नियम पाळतो. दिनार ही त्या काळातील एका दिवसाची मजुरी होती.

रूपकार्थ : इ.स. ५९० ते ६०४ या काळात पोप असलेले संत ग्रेगरी महान यांनी आपल्या प्रवचनात या पाच वेळांचा अर्थ मानवजातीच्या इतिहासातील पाच कालखंड असा लावला. माणसाच्या आयुष्यातील अवस्था, म्हणजे बालपणापासून वार्धक्यापर्यंतचे टप्पे, असाही अर्थ त्यांनी सुचवला. देवाची हाक कोणत्याही वयात येऊ शकते, हे त्यांतून सूचित होते.

नैतिक अर्थ : दुसऱ्याला मिळालेल्या दयेचा हिशेब आपण ठेवू नये.

अंतिम अर्थ : संध्याकाळ म्हणजे आयुष्याचा शेवट. दिनार म्हणजे देवाच्या सान्निध्यातील जीवन. ते अर्धे किंवा पाऊण देता येत नाही.

५.२.६ नमुना-चिंतन

पुढील चिंतन या घटकासाठी तयार केले आहे. मराठी मिस्सेनंतर वाचल्या जाणाऱ्या किंवा धार्मिक मासिकात येणाऱ्या चिंतनाचे स्वरूप त्यावरून लक्षात यावे.

“शहरातल्या कुठल्याही मजूर-नाक्यावर सकाळी सात वाजता जाऊन उभे राहा. घमेले, थापी, फावडे घेऊन माणसे थांबलेली असतात. मुकादम येतो आणि प्रथम दंडाकडे पाहतो. तरणे, धट्टेकट्टे गडी साडेसातलाच निघून जातात. दहा वाजता जे उरतात त्यांच्यात कोणाचे केस पांढरे झालेले असतात, कोणाचा पाय अधू असतो. त्यांना आळशी म्हणणे सोपे असते. बायबलमधला घरधनी मात्र त्यांना विचारतो आणि त्यांचे उत्तर ऐकतो : आम्हांला कोणी घेतले नाही.

या घरधन्याकडे कारभारी आहे. तरी मजूर शोधायला तो स्वतः जातो. एकदा नव्हे, पाच वेळा जातो. पाच वाजता कोणी मजूर आणायला जात नाही. तासाभरात अंधार पडणार असतो. तो गेला, याचा अर्थ मळ्याला माणसांची गरज होती यापेक्षा माणसांना मळ्याची गरज होती.

पाचला आलेल्याच्या घरीही चूल आहे. त्याची मुले एका तासाची भूक घेऊन बसलेली नाहीत. त्यांची भूक पूर्ण दिवसाची आहे. म्हणून घरधनी त्याला दिवसाचे पोट भरेल इतके देतो.

आता सकाळपासून राबलेल्यांकडे पाहू. त्यांची तक्रार खोटी नाही. ऊन त्यांनीच सोसले. पण त्यांचे शब्द नीट ऐका. ‘आम्हांला कमी मिळाले’ असे ते म्हणत नाहीत. ‘यांना आमच्या बरोबरीचे केलेत’ असे ते म्हणतात. शेजाऱ्याला मिळालेल्या दिनाराने त्यांच्या हातातला दिनार हलका झाला. घरधनी त्यांना हाकलून देत नाही. ‘मित्रा’ म्हणतो आणि एक प्रश्न विचारतो. त्या प्रश्नाला मजुराने काय उत्तर दिले, हे दृष्टांतात सांगितलेले नाही. उत्तर आपल्यावर सोपवलेले आहे.

या आठवड्यात मी काय करीन? माझ्या घरी काम करणाऱ्या बाईंचा पगार मागितल्याशिवाय, ठरल्या दिवशी देईन. त्या आजारपणात घरी राहिल्या तर ते दिवस कापणार नाही. आणि वडिलांनी धाकट्याला माझ्याइतकेच का दिले, हा कित्येक वर्षे मनात धरलेला हिशेब आज मिटवीन.

हे प्रभो, तू मला किती वाजता बोलावलेस ते मी विसरतो आणि इतर किती उशिरा आले ते मात्र लक्षात ठेवतो. माझा डोळा निर्मळ कर. आमेन.”

५.२.७ नमुन्याचे परीक्षण

वरील चिंतनाची रचना पाहा. पहिल्या परिच्छेदात परिचित दृश्य आहे. ते सजावटीसाठी आलेले नाही. ‘रिकामे’ या शब्दाचा अर्थ पालटण्यासाठी आले आहे. दुसऱ्या परिच्छेदात मूळ मजकुरातील एक सहज निसटणारा तपशील पकडला आहे : कारभारी असूनही धनी स्वतः जातो. चांगले चिंतन बाहेरून विचार आणून वचनावर लादत नाही. वचनातच दडलेला तपशील उजेडात आणते. तिसरा परिच्छेद अर्थाचा आहे आणि चौथा विरोधाचा. पहिल्या मजुरांची तक्रार खोटी नाही, हे येथे मान्य केलेले आहे. विरोधी बाजूला न्याय न देणारे चिंतन वाचकाला पटत नाही. पाचव्या परिच्छेदात निश्चय आहे. ‘प्रेमाने वागेन’ असा मोघम निश्चय न करता पगाराचा दिवस आणि मनातला हिशेब अशा दोन नेमक्या गोष्टी नमूद केल्या आहेत. शेवटी अगदी लहान प्रार्थना आहे. तिच्यात ‘आम्ही’ नसून ‘मी’ आहे.

या चिंतनाच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. ‘मळ्याला माणसांची गरज होती यापेक्षा माणसांना मळ्याची गरज होती’ हे विधान मजकुरात थेट नाही. हंगामात द्राक्षे लवकर उतरवण्याची घाई असू शकते. लेखकाने येथे संभाव्य अर्थ निश्चित अर्थासारखा मांडला आहे. चिंतनपर लेखनात असे होणे स्वाभाविक असले, तरी अभ्यासकाने ते नोंदवले पाहिजे.

५.२.८ वचनातून आचरणाकडे

या दृष्टांतावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, हा अन्याय नाही काय? समान कामाला समान मजुरी हे तत्त्व मग कुठे राहिले? उद्या एखाद्या मालकाने ‘पैसे माझे आहेत, मी हवे तसे देईन’ असे म्हणून याच वचनाचा आधार घेतला तर?

आक्षेप गंभीर आहे. त्याचे एक उत्तर असे की, येथे कोणालाही ठरल्यापेक्षा कमी दिलेले नाही. घरधन्याचे स्वातंत्र्य हे अधिक देण्याचे स्वातंत्र्य आहे. कमी देण्यासाठी या वचनाचा आधार घेणे म्हणजे त्याचा विपर्यास होय. दुसरे उत्तर कॅथलिक ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीत मिळते. १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. मालक आणि मजूर यांच्यात करार झाला म्हणून ती मजुरी आपोआप न्याय्य ठरत नाही, काटकसरीने राहणाऱ्या मजुराचे पोट भरेल इतकी ती असलीच पाहिजे, असे त्यात प्रतिपादन केले आहे. मजुरी गरजेशी जोडणारा हा विचार आणि पाच वाजता आलेल्यालाही पूर्ण दिनार देणारा घरधनी, यांचे नाते ध्यानात येते. तथापि दृष्टांत म्हणजे वेतनाचा कायदा नव्हे. तो देवाच्या राज्याविषयी बोलतो आणि ते राज्य मानणाऱ्याचा व्यवहार कोणत्या दिशेने जावा, हे सुचवतो. कायदा किमान काय द्यावे ते सांगतो. दृष्टांत मनाला किमानापाशी थांबू देत नाही.

वाचकाचे स्थान बदलले की वचनाचा रोखही बदलतो, हेही येथे अनुभवता येईल. आपल्यापैकी काहींनी शाळा सुटल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, नोकरी आणि संसार सांभाळून, या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला असेल. त्यांना पाच वाजता आलेला मजूर जवळचा वाटेल. पण पदवी एकच मिळते. उशिरा आलेल्याला अर्धी मिळत नाही. याउलट, कार्यालयात किंवा घरात वर्षानुवर्षे अधिकचा भार उचलणाऱ्याला पहिल्या मजुराचा राग स्वतःचा वाटेल. दोन्ही वाचने प्रामाणिक आहेत. आपण आज कोणाच्या रांगेत उभे आहोत हे ओळखणे हीच मननाची सुरुवात होय.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

अ) योग्य पर्याय निवडा.
१. हा दृष्टांत सांगण्यापूर्वी ‘आम्हांला काय मिळणार’ असे कोण विचारतो? (योहान / पेत्र / जब्दीची पत्नी)
२. पाच वेळांचा अर्थ इतिहासातील कालखंड असा लावणारे संत कोण? (ग्रेगरी महान / इग्नेशियस लोयोला / थॉमस स्टीफन्स)

आ) चूक की बरोबर ते सांगा.
१. घरधन्याने पहिल्या मजुरांना ठरल्यापेक्षा कमी मजुरी दिली.
२. ‘रेरुम नोव्हारुम’नुसार केवळ करार झाल्याने मजुरी न्याय्य ठरत नाही.

५.३ सारांश

‘क्रिस्तपुराणा’ने सतराव्या शतकाच्या आरंभी शास्त्रकथा ओवीत आणली. भाषाविषयक धोरणामुळे आणि लॅटिन उपासनेमुळे ही परंपरा दीर्घकाळ मंदावली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी उपासना व नियमित वाचनक्रम यांमुळे चिंतनपर लेखनाला नवे बळ मिळाले. वाचन, मनन, प्रार्थना व ध्यान या पायऱ्यांनी वचन आत्मसात होते आणि ठोस निश्चयातून ते आचरणात उतरते. द्राक्षमळ्यातील मजुरांचा दृष्टांत ‘मला किती’ आणि ‘मी कितवा’ या प्रश्नांना सामोरा जातो. चांगले चिंतन मूळ मजकुराशी प्रामाणिक राहते, विरोधी बाजू ऐकते आणि वाचकाला त्याच्या जगण्यातील एखाद्या नेमक्या कृतीपाशी आणून सोडते.

५.४ पारिभाषिक शब्द

शुभवर्तमान : येशू ख्रिस्ताचे चरित्र व शिकवण सांगणारा ग्रंथ, नव्या करारात असे चार ग्रंथ आहेत.
मिस्सा : कॅथलिक पंथीयांची मुख्य सामूहिक उपासना.
ख्रिस्तसभा : ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणाऱ्यांचा संघटित समुदाय.
येशूसंघ : संत इग्नेशियस लोयोला यांनी स्थापन केलेला धर्मसंघ, त्याच्या सदस्यांना जेझुइट म्हणतात.
परिपत्रक : श्रद्धा व आचरण यांविषयी पोप महोदयांनी ख्रिस्तसभेला उद्देशून लिहिलेले पत्र.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) राचोल येथे, १६१६ मध्ये. (२) अवस्वरु. (३) संत मत्तय यांचे. (४) दुसरा गिगो या कार्थुसियन साधूने.
प्रश्न २ : अ) (१) पेत्र (२) ग्रेगरी महान. आ) (१) चूक (२) बरोबर.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘क्रिस्तपुराणा’च्या निर्मितीची पार्श्वभूमी सांगून त्यातील भाषिक निवडींचे महत्त्व स्पष्ट करा.
२. मननाच्या चार पायऱ्या सोदाहरण लिहा.
३. ‘पहिल्या मजुरांची तक्रार खोटी नाही’ या विधानाची साधकबाधक चर्चा करा.
४. कीर्तनातील निरूपण आणि कॅथलिक चिंतनपर लेख यांतील साम्य व भेद सांगा.
५. टिपा लिहा : अ) दुसरी व्हॅटिकन परिषद आणि मराठी आ) अर्थाचे चार थर.

५.७ क्षेत्रीय कार्य

१. आपल्या गावातील किंवा शहरातील मजूर-नाक्यावर सकाळी दहानंतर जा. काम न मिळालेल्या दोन-तीन व्यक्तींशी त्यांच्या संमतीने बोला. त्यांची नावे न लिहिता एका पानाची नोंद करा. त्यानंतर दृष्टांताचा आशय पुन्हा वाचा आणि पहिल्या वाचनात न जाणवलेली कोणती गोष्ट आता जाणवली, ते पाच ओळींत लिहा.
२. आपल्या परंपरेतील एखादे वचन, अभंग किंवा दृष्टांत निवडा. नमुना-चिंतनाची रचना डोळ्यांपुढे ठेवून त्यावर सुमारे तीनशे शब्दांचे चिंतन लिहा. शेवटचा निश्चय एका आठवड्यात पाळता येईल असाच असावा.